घरातला तिसरा ठिपका

नवं चिरवंडे या गावात कुणी बायकोला मारू लागला तर शेजारी दार ठोठावत नाहीत. गल्लीत एखादी बाई उभी राहते आणि खच्चून ओरडते, "धक्का!" मग अख्खी गल्ली घराबाहेर येते, आणि गल्लीबरोबर तोही येतो.

याला कारण आहे. कोयनेच्या खोऱ्यात जमीन अधूनमधून हलत असते. कधी मांडणीवरची भांडी किणकिणतात, कधी कौलं सरकतात. इथल्या माणसाच्या अंगात लहानपणापासून एक सवय भिनलेली असते: धक्का म्हटलं की हातातलं टाकायचं आणि आभाळाखाली यायचं. जुनं चिरवंडे दरडीखाली गेल्यावर सपाटीवर हे नवं गाव वसलं, तेव्हा ग्रामसभेनं त्या सवयीचा नियमच करून टाकला. हाक खरी की खोटी ते बाहेर आल्यावर बघायचं. घरात थांबायचं नाही.

या नियमाचा असाही उपयोग होईल हे गावातला बायकांचा गट चालवणाऱ्या सारिका शेलारला सुचलं. हात उगारलेला माणूस 'धक्का' ऐकला की आधी बाहेर पळतो, आणि आपण चिडलो होतो हे त्याला नंतर आठवतं. तोवर शेजारीपाजारी समोर उभे असतात. त्याची बायको गटातल्या थोरल्या सुनंदाक्कांच्या ओट्यावर पाण्याचा तांब्या धरून बसलेली असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना गटातल्या बायका असतात. "लागला का गं?" "लागला जरासा." एवढंच बोलणं. पुढचं, म्हणजे दवाखाना, पोलीस, माहेर, की नुसती दोन दिवसांची उसंत, ते तिच्या मर्जीनं. बाहेरून येणाऱ्या पत्रकारांना ही युक्ती गमतीची वाटायची. गावातल्या पुरुषांना मुळीच वाटत नसे, आणि गटाच्या दृष्टीनं तेच बरं होतं.

हाक कधी द्यायची हे मात्र बायकांना जमीन सांगायची.

गाव बांधताना प्रत्येक घराच्या जोत्यात केसासारखी बारीक काचेची तार पुरली होती. हेतू भूकंपाचा. तारेच्या एका टोकातून प्रकाशाचे झटके सोडतात. काच कितीही शुद्ध असो, तिच्यात बारीक खोट असतेच, आणि त्या खोटींवरून थोडा थोडा प्रकाश माघारी येतो. जमीन किंचित जरी ताणली गेली तरी हा माघारी आलेला प्रकाश बदलतो. तो किती वेळानं परतला यावरून ताण नेमका कुठं पडला तेही कळतं. थोडक्यात, तार एकच, पण तिला वीतवीतभर अंतरावर कान. भूकंप केंद्रावरची तरुण शास्त्रज्ञ नाझनीन मुलाणी हे सगळं समजावून सांगायला पहिल्यांदा गावात आली, तेव्हा म्हणाली होती, "यात तुमची पावलं, मिक्सर, पोरांच्या उड्या, सगळं येतं. आम्ही ते गाळून टाकतो. आमच्या लेखी तो कचरा."

"मग तो कचरा आम्हाला द्या," सारिका म्हणाली होती.

दिला. ज्या घरातल्या बाईनं होकार दिला त्याच घराची पावलं ठेवायची, बाकीची पुसायची, असं ठरलं. तार बोलणं ऐकत नाही, तिला फक्त हादरे कळतात. माणूस भिंतीवर आदळलं, खाटेवरून खाली पडलं, की जवळच्या गटबाईचा फोन थरथरायचा. अशी बरीच वर्षं गेली आणि बऱ्याच बायका वाचल्या. पण फोन थरथरायचा तेव्हा पहिला तडाखा बसून गेलेला असायचा, ही सल सारिकाच्या मनातून जात नव्हती.

म्हणून यंदा नाझनीननं 'चाल' नावाची नवी प्रणाली बसवली. ती तडाख्याची वाट बघत नाही, चालणं वाचते. घाबरलेलं माणूस स्वतःच्या घरात वेगळं चालतं. टाच टेकवत नाही, भिंतीच्या कडेनं जातं, दुसऱ्याला आधी वाट देतं. हजारो घरांतली पावलं शिकून प्रणालीला ते ओळखता येऊ लागलं होतं. शिवाय घरात आत्ता मोठी माणसं किती आहेत, हेही ती ठिपक्यांनी दाखवायची, म्हणजे जाणारीला आत कोण आहे याचा अंदाज यावा.

पहिल्याच आठवड्यात सारिकाच्या लेकीच्या घरावर पिवळी, म्हणजे संशयाची, खूण आली. सानिका आणि तिचा नवरा प्रज्वल, दोघंच राहणारी, आणि सव्वा वर्षाची अन्वी. ती वजनानं हलकी, तिला प्रणाली मोजत नसे. ठिपके मात्र तीन होते.

सारिकानं लगेच फोन लावला. "काय गं, पाहुणं आल्यात व्हय?"

"न्हाई की. कोण येणार?"

"प्रज्वलरावांचा भाऊ बिऊ?"

"तो पुण्याला असतो, आई. काय झालं?"

"काही न्हाई. सहज." सारिकानं फोन ठेवला आणि त्याच्या पडद्यावरच्या घराच्या नकाशाकडे बघत राहिली. तिसरा ठिपका स्वयंपाकघराच्या दाराशी, डाव्या अंगाला होता. तो हलत नव्हता. दिवस मावळायच्या सुमाराला तिथंच होता, आणि दिवे लागले तरी तिथंच.

दुसऱ्या दिवशी ती आंबोळीचं पीठ द्यायच्या निमित्तानं लेकीकडे गेली. नव्या गावातली सगळी घरं एका साच्यातली. पुढं सोपा, डावीकडे मोरी, मधून बोळासारखी वाट आणि आत स्वयंपाकघर. त्या दाराशी डाव्या अंगाला काहीच नव्हतं. फरशी, भिंत, भिंतीवर दिनदर्शिका. प्रज्वल शाळेतून यायचा होता. अन्वी सोप्यात डबे वाजवत बसली होती.

"सानू, एक विचारू?" सारिका म्हणाली. "ते तुला काही करतात का?"

सानिका आधी हसली, मग तिचं हसू ओसरलं. "आई, तुझं ते यंत्र काय म्हणालं तुला?"

"यंत्राचं सोड. मी विचारतेय."

"त्यानं मला बोटसुद्धा लावलं न्हाई कधी."

सारिकाला हे वाक्य तोंडपाठ होतं. गटाच्या कामात तिनं ते इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलं होतं की आता ती त्याचा अर्थ उलटाच धरायची. तिनं स्वतःही ते म्हटलं होतं, तिच्या आईला, जावांना, एकदा खुद्द सुनंदाक्कांना. तिचा नवरा विलासराव शेलार म्हणजे गावाच्या पाण्याच्या मोटारीवरचा माणूस. दारूच्या वाटेला न जाणारा, आवाज न चढवणारा. वारले तेव्हा गल्लीगल्लीतून हार आले होते. "बोटसुद्धा लावलं नाही" हे त्यांच्याबद्दल म्हणताना सारिकाला कधी अडखळावं लागलं नव्हतं.

गटाचा एक नियम होता: आपल्या रक्ताच्या घराबद्दल आपण ठरवायचं नाही. माया आंधळी करते. म्हणून सारिकानं सगळं सुनंदाक्कांच्या कानावर घातलं. सुनंदाक्का साठी ओलांडलेल्या, अंगानं स्थूल, आणि हाक अशी की पलीकडच्या डोंगरावरून परत यावी. त्यांनी नकाशा नीट पाहिला.

"जावई घरात आला की पोरीची पावलं हलकी पडत्यात का?"

"तसं न्हाई. संध्याकाळ झाली की पडत्यात. ते असोत नसोत."

"म्हंजे यायची वाट बघून आधीच भ्यालीय," सुनंदाक्का म्हणाल्या. "तू यात पडू नको, सारिके. मी बघते."

आणि त्यांनी बघितलंही. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सानिकाच्या घरावरची खूण पिवळ्याची लाल झाली. प्रज्वल नुकताच घरात शिरला होता. सानिकाची पावलं भिंतीला चिकटली, थांबली, आणि मग काहीतरी धपकन पडलं. सुनंदाक्का त्या वेळी त्याच गल्लीत होत्या. त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि हाक दिली.

दारं उघडली, माणसं धावली. प्रज्वल अनवाणी बाहेर आला तो अन्वीला छातीशी धरून, दुसऱ्या हातानं सानिकाला पुढं ढकलत. आधी बायको, मग आपण. बाहेर आल्यावर त्यानं वर विजेच्या तारांकडे बघितलं, हलतायत का ते. हलत नव्हत्या. मग त्यानं खाली बघितलं. अख्खी गल्ली त्याच्याकडे बघत होती. सुनंदाक्कांनी सानिकाला ओट्यावर बसवून पाण्याचा तांब्या दिलासुद्धा होता.

या गावात तांब्या कुणाच्या बायकोला देतात, हे शेंबडं पोरही जाणतं.

"पिठाचा डबा पडला हो हातातनं," सानिका म्हणत होती. तिच्या साडीवर पीठ होतं. "डबा पडला फक्त."

"व्हय बाळ," सुनंदाक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "डबाच पडला."

बातमी कळताच सारिका वरच्या गल्लीतून धावत आली, तेव्हा लोक पांगत होते, पण पांगताना मागं वळून बघत होते. प्रज्वल शाळामास्तर. ज्यांच्या पोरांना तो पाढे शिकवायचा त्याच माणसांनी त्याच्यापासून नजर काढून घेतली होती. तो सासूजवळ आला. त्याचा आवाज चढला नाही.

"आई, मी तिला मारतो असं वाटतं तुम्हाला?"

आयुष्यात पहिल्यांदा सारिकाला आपल्या गटाची लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा रागही आला.

"यंत्र तसं म्हणतं. तुमच्या घरात तिसरं माणूसही दाखवतं," ती म्हणाली.

"मग यंत्रालाच विचारा, आमच्या घरात तिसरं कोण राहतं ते," प्रज्वल म्हणाला, आणि लेक तिच्या हाती न देता आत गेला.

*

भूकंप केंद्र गावापासून लांब, खिंडीच्या वर होतं. सारिका दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिथं गेली. नाझनीननं चहा मागवला, पण सारिकानं कपाला हात लावला नाही.

"नाझनीन, तुझं यंत्र माणसं मोजतं कसं, ते सांग. मला कळेल असं सांग."

"चालणारं माणूस मोजणं सोपं आहे, ताई. प्रत्येकाचं पाऊल वेगळं पडतं. अडचण बसलेल्या माणसाची. जो हलत नाही त्याचा तारेला पत्ता लागत नाही. आणि गटाला तर तोच हवा असतो ना, कोपऱ्यात बसून राहिलेला? मग आम्ही प्रणालीला दुसऱ्या वाटेनं शिकवलं." तिनं टेबलावर पेनानं रेघ ओढून दाखवली. "ओढ्यात पाण्याखाली दगड असला तर दगड दिसत नाही, पण पाणी वळसा घेऊन जातं. तसं. घरातलं एक माणूस जाता-येता एकाच जागेला वळसा घालतं, तिथं पाऊल चोरतं, थांबून मग पुढं जातं. तर त्या जागी कुणीतरी बसलंय असं प्रणाली धरून चालते. आणि बहुतेक वेळा बरोबर निघतं."

"बहुतेक?"

नाझनीन जरा घुटमळली. "काही घरांत माणसं जास्तीची दिसतात. चूक आहे ती. मी दुरुस्ती तयार ठेवलीय, टाकली की हे जास्तीचे ठिपके जातील. सानिकाच्या घरातलाही जाईल."

"म्हंजे सानूच्या घरात बसलेलं कुणी न्हाई. ती नुसता वळसा घालते."

"हो."

"कशाला?"

"ते तारेला कळत नाही, ताई."

मग सारिकाला जे विचारायचं नव्हतं तेच तिच्या तोंडून गेलं. "एकटं माणूस राहतं आणि ठिपके दोन दिसतात, असं एखादं घर हाय का?"

नाझनीननं मान खाली घातली. "मला वाटलं होतं, तुमच्याकडे कुणी पाहुणं आलं असेल," ती म्हणाली.

तिनं पडद्यावर सारिकाचं घर उघडलं. सारिकानं ते कधी उघडून बघितलं नव्हतं. एकटीचं घर, त्यात काय बघायचं? आत्ता ती खिंडीवर होती, म्हणून घर रिकामं होतं. नाझनीननं कालची संध्याकाळ लावली. एक ठिपका चुलीपासून सोप्यात, सोप्यातून मोरीत जात होता. दुसरा स्वयंपाकघराच्या दाराशी, डाव्या अंगाला बसून होता. पहिला ठिपका त्याच्याजवळ आला की बारीक व्हायचा, उजवीकडच्या भिंतीला लागायचा, क्षणभर थांबायचा आणि मग जायचा.

त्या जागी विलासरावांची प्लॅस्टिकची खुर्ची असायची. मोटार बंद करून आले की ते तिथं बसत. जाता-येता तिचं मनगट धरत आणि पिरगळत. सावकाश, तोंडावर हसू ठेवून, "मीठ कमी होतं आज" असं काहीतरी बोलत. ओरडायचं नाही, ओरडलं तर अजून पिरगळायचे. कुणी कुठं आदळायचं नाही, काही पडायचं नाही. जमिनीत पुरलेल्या त्या एवढ्या कानांना कधी काही ऐकू गेलं नाही. मारलं नाही कधी, हे खरंच होतं. बोट लावलं नाही, हे कसं म्हणवलं तिला, देव जाणे.

खुर्ची तिनं तेराव्यालाच देऊन टाकली होती. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. आणि अजून ती रोज त्यांना वाट देत होती, आणि तिला ते माहीतही नव्हतं. भुताला ती भ्याली नसती. घरात भूत नव्हतं. जे होतं ते तिच्या पायांत होतं, तिच्या हाडामासाचं झालं होतं, आणि कुठल्या मांत्रिकाकडून ते उतरवायचं?

"सगळं गाव दाखव," ती म्हणाली.

नाझनीननं दाखवलं. चिरवंड्यात राहत होती त्यापेक्षा पडद्यावर माणसं जास्त होती. जवळजवळ प्रत्येक गल्लीत, कुठं दारापाशी, कुठं खाटेच्या पायथ्याशी, न हलणारे ठिपके. गेलेले नवरे, मुंबईला निघून गेलेले, हाक ऐकून ऐकून सुधारलेले. ज्या घरांवर गटानं 'मिटलं' म्हणून समाधानानं हात झटकले होते, त्यातली कितीतरी घरं.

"दुरुस्ती टाकू का, ताई?"

"थांब जरा," सारिका म्हणाली. "आधी मला लेकीकडं जाऊन येऊ दे."

*

एसटी गावात पोचली तेव्हा उन्हं कलली होती. प्रज्वलनं दार उघडलं आणि 'या' न म्हणता बाजूला झाला. सानिका आत कणीक मळत होती. तिनं आईकडे बघून न बघितल्यासारखं केलं. अन्वी सोप्यात भिंत धरून उभी होती. तिला पाय फुटून महिनाही झाला नसेल. दोन पावलं टाकायची, बसायची, परत उठायची. आजी दिसताच हसली, आणि मग आईकडे जायला निघाली.

सारिका नुसती बघत राहिली. अन्वी भिंतीच्या आधारानं बोळापर्यंत आली. तिनं भिंत सोडली. डुलत डुलत पाच-सहा पावलं सरळ टाकली, स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि थांबली. समोर मोकळी फरशी होती, आई हाकेवर होती. पोरीनं उजवीकडच्या भिंतीला हात लावला, पोट आत घेतल्यासारखं केलं, आणि डाव्या अंगाच्या त्या रिकाम्या जागेला वळसा घालून, टाच न टेकवता, आत गेली.

तिनं आजोबांना कधी पाहिलंही नव्हतं. ते गेले तेव्हा तिच्या आईचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. तिनं फक्त आईला चालताना पाहिलं होतं.

भीती सारिकाला पुष्कळ ठाऊक होती, पण ही तऱ्हा वेगळी होती. हा माणूस जन्माला न आलेल्यांनाही पुरून उरणार होता.

"प्रज्वलराव," ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत ना, तुमच्या घरात तिसरं कोण राहतं? ते सांगायला आले. तुम्ही काही केलं न्हाई. चूक आमची, आणि मी गल्लीत उभी राहून तसं सांगेन." मग तिनं दाराच्या डाव्या अंगाकडे बोट केलं. "तिथं तुमचे सासरे बसतात."

प्रज्वलनं त्या जागेकडे बघितलं, मग सासूकडे. त्याला वाटलं असावं, म्हातारपणी डोक्यावर परिणाम झाला. आतून मात्र कणकेच्या परातीचा आवाज थांबला होता.

सारिकानं सगळं सांगितलं. खुर्ची, मनगट, मीठ. उभ्यानंच सांगितलं, कारण बसलं तर परत उठून निघून जाऊ असं तिला वाटत होतं. एवढ्या बायकांना तिनं बोलतं केलं होतं. स्वतः बोलताना शब्द एकेक करून काढावे लागत होते. "गावाला काय सांगू, मलाच मी कधी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "मी वळसा घालत गेले, सानूनं बघितलं, तीही घालू लागली. आणि आता ही एवढीशी. माझ्या पायांनी तुमच्या घरात आणून बसवलं त्यांना."

तिनं पिशवीतला फोन काढून नकाशा उघडला. घरात तिघं मोठी माणसं होती. तिला वाटलं होतं पाच ठिपके दिसतील; लेकीचा एक जास्तीचा, तिचा एक. दिसले चारच. ती आत येताना नकळत उजव्या भिंतीला लागून आली होती, आणि दोघी एकाच जागेला वळसा घालत होत्या. दोघींना मिळून तो एकच होता.

सानिका दारात आली. हात कणकेनं भरलेले होते. ती त्या जागेपासून दूर, चौकटीला अंग लावून उभी राहिली.

"तुझं बघून न्हाई शिकले मी, आई," ती म्हणाली.

"मग?"

"तुला फोन यायचा. तू भाकरी तव्यावर टाकून पळायचीस, धक्का द्यायला. कुणाकुणाला वाचवायला." सानिकाचा आवाज अगदी साधा होता, हवापाण्याबद्दल बोलावं तसा. "तू गेलीस की बाबा मला म्हणायचे, सानू, पाणी आण."

तिनं कणकेचे हात पुढं केले आणि डावं मनगट जरा फिरवून दाखवलं. ते पूर्ण फिरत नव्हतं. शाळेत पडली म्हणून प्लास्टर घातलं होतं ते हे मनगट. सारिकानंच दवाखान्यात नेलं होतं. सारिकानंच डॉक्टरांना सांगितलं होतं, पोरगी सारखी धडपडते हो.

प्रज्वल पुढं आला आणि काय करावं हे न कळून तसाच उभा राहिला. त्यानं हे मनगट किती वेळा हातात धरलं असेल. "मला का नाही सांगितलंस?" असं विचारायला त्यानं तोंड उघडलं होतं, पण विचारलं नाही, हे त्याचं शहाणपण.

"मला का न्हाई सांगितलंस?" सारिकानं मात्र विचारलं.

"सांगायचं होतं की. दर वेळी ठरवायची. पण तू घरी यायचीस तेव्हा इतकी खूश असायचीस. म्हणायचीस, आज एकीला सोडवलं गं. मग बाबा म्हणायचे, शाबास." सानिकानं बोटांवरची कणीक खरवडली. "मला वाटायचं, तुला माहीतच असंल. तुझी हाक साऱ्या गावासाठी हाय, आमच्या घरासाठी न्हाई."

सारिकाला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. नाझनीनच्या पडद्यावरचे ते सगळे ठिपके तिच्या डोळ्यांपुढं आले, आणि प्रत्येक घरातली एकेक सानिका, जिच्याकडे गट कधी गेलाच नाही, कारण तिथं काही पडलं नव्हतं. ते ठिपके पुसायचे नाहीत, हे तिनं तिथल्या तिथं ठरवलं. त्या घरांत जायचं. हाक न देता, दिवसाउजेडी, बसायला म्हणून जायचं, आणि ऐकायचं. पण ते उद्यापासून. आज तिला लेकीला काहीतरी सांगायचं होतं, आणि काय सांगावं ते तिला सुचत नव्हतं. माफ कर, हे फार लहान पडत होतं.

तिच्या हातातला फोन थरथरू लागला.

लाल खूण. खालची गल्ली, सुतारांचं घर. काहीतरी जोरात आदळलं होतं. सर्वांत जवळची गटबाई सारिकाच होती. इतक्या वर्षांत असा फोन आल्यावर तिचे पाय कधी जागेवर राहिले नव्हते, आणि आत्ताही ते दाराकडे वळले. तिला ते कळलं, आणि सानिकाला कळल्याचंही कळलं. सानिकानं फक्त अन्वीला कडेवर उचललं आणि चौकटीला आणखी थोडी चिकटली, आई निघून जाणार हे ठाऊक असलेल्या मुलीसारखी.

सारिकानं सुनंदाक्कांना फोन लावला.

"अक्का, सुतारांकडं लाल आहे. तुम्ही पळा."

"अगं, मी तळ्याकडच्या अंगाला हाय! तू तिथंच हायस न्हवं? तुला दोन पावलं—"

"मला यायचं न्हाई," सारिका म्हणाली. "मी माझ्या लेकीकडं आहे."

तिनं फोन खाली ठेवला. प्रज्वल तोवर चपला न घालताच बाहेर पडला होता, आणि काही क्षणांत खालच्या गल्लीतून त्याचा आवाज आला. पुरुषाच्या आवाजात ती हाक गावानं कधी ऐकली नव्हती. दारं उघडल्याचा, माणसं धावल्याचा गलका झाला.

सारिका वळली. सानिका अजून दारात होती, आणि दोघींच्या मधे ती जागा होती. सारिकाचे पाय आपोआप उजव्या भिंतीकडे जाऊ लागले. तिनं ते ओढून आणले. मनगटात सहा वर्षांपूर्वीची कळ उठली होती, आणि तरी ती सरळ चालत लेकीपर्यंत गेली.